मध बंद, मुलेठी चालू

माईक हातात आला की माझ्या अंगात येतं. खोटं कशाला बोलू? एरवी मी हसनाबादजवळचा मोसंबीवाला शेतकरी, पन्नाशी ओलांडलेला, बायकोचं निम्मं ऐकणारा. पण गावात शंकरपट भरला, बैलजोड्या रांगेला लागल्या आणि झेंडीवाल्यानं हात वर केला, की मचाणावर उभा असतो तो कुणीतरी दुसराच असतो. जोडी सुटते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शर्यत संपतेसुद्धा. तेवढ्या सेकंदांत लोकांना सगळं सांगायचं असतं: जोडी कुठल्या गावची, कुणाची चाल लांब, कोण उधळलं, घड्याळात किती पडले. मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नसते. पंचवीस वर्षं मी हे करत आलो आणि एकदाही पोट भरलं नाही.

त्या तोंडालाच नजर लागली. आधी गालाच्या आत एक छाला आला. ठेचा जास्त झाला असेल म्हणून मी सोडून दिला. मग जिभेखाली आला, टाळूला आला, घशात उतरला. जाईचा पाला चघळून झाला, तुरटी झाली, गाईचं तूप झालं, भोकरदनच्या दोन दवाखान्यांतल्या जांभळ्या औषधांनी तोंड रंगवून झालं. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा तोंडात टोचायची. पुढं बोलणंच बंद झालं. बायकोला हाक मारायची तर मी ताटावर चमचा वाजवायचो आणि ती आतून म्हणायची, "आले आले, मंदिरातली घंटा कशाला वाजवून राह्यले?"

त्या चैत्रात आमच्या गावच्या पटाला माईकवर दुसरा माणूस होता. सज्जन माणूस, माझं त्याच्याशी वैर नाही. पण तो काय बोलत होता? "जोडी सुटलेली आहे. जोडी येत आहे. जोडी आलेली आहे." अरे, बैलं पळतायत की बस फलाटाला लागतेय? मी गर्दीत रुमाल तोंडाला लावून उभा होतो आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं धूळ गेली.

शेवटी दसऱ्याच्या सुमाराला जालन्यात एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मूळच्या त्या सांगलीकडच्या. बोलणं स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. त्यांनी तोंडातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. चार दिवसांनी म्हणाल्या, "हा साधा छाला नाही. तुमचं शरीर तुमच्याच कातडीशी भांडतंय. स्टिरॉईडच्या गोळ्या द्याव्या लागतील, बरेच महिने. मी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत."

स्टिरॉईड म्हटल्यावर मी घाबरलो. मी मानेनंच विचारलं, बायकोनं ते बोलून दाखवलं, "मॅडम, ते पैलवान लोकं घेतात तेच का?" बाई हसल्या. म्हणाल्या, ते वेगळं, हे वेगळं.

तीन आठवडे झाले आणि एका सकाळी चहा पिताना ध्यानात आलं की चहा फक्त गरम लागतोय. टोचत नाही. मी जीभ फिरवून पाहिली. गालात, टाळूला, दाताच्या मागं. सगळीकडं गुळगुळीत! मी तसाच उठलो आणि मोसंबीच्या बागेत गेलो. दोन ओळींमधली वाट पटासारखी सरळ होती. तिच्या टोकाला उभा राहिलो, मुठीचा माईक केला आणि सुटलो. "आली, आली, आली! पांढरी-तांबडी आली! डावीकडचा गडी कान पाडून पळतोय, उजवीकडचा त्याला मागं खेचतोय, अरे सांभाळ, सांभाळ, सांभाळ!" पाणी द्यायला आलेली बायको बांधावर उभी राहिली. तिला वाटलं गोळ्या डोक्यात गेल्या. मग तिला कळलं की मी बोलतोय, आणि ती हांडा खाली ठेवून हसत सुटली. तेवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. हे मी तिला त्याच वेळी सांगितलं. ती म्हणाली, "मला बी न्हाई."

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं, "घरचं काही औषध घेता का? काढा, चूर्ण, मुळी?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो. छाती पुढं काढून म्हणालो.

त्यांनी तरी एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सगळं लिहून दिलं. मीठ, पापड, लोणचं कमी. साखर बेतानं. अश्वगंधा, गुळवेल, ताकद वाढवणारे काढे विचारल्याशिवाय नकोत, त्यातले काही या गोळीच्या कामात मोडता घालतात. चकोतरा किंवा पपनस नको, त्यानं काहींच्या अंगात गोळी गरजेपेक्षा जास्त साठते. इथं मी उसळलो. मोसंबीवाल्याच्या तोंडासमोर चकोतऱ्याचं नाव! उद्या ह्या माझ्या मोसंबीवर येणार. पण त्या म्हणाल्या, "मोसंबी दिवसाला एखादी खा, रस काढून पिऊ नका, साखर वाढेल. एका घरातली भावंडं असली म्हणून सगळी सारखी वागत नाहीत." हे मला पटलं. माझा धाकटा भाऊ डोळ्यासमोर आला.

घरी आल्यावर चिठ्ठीची अंमलबजावणी सुरू झाली. मेव्हण्यानं दिलेला अश्वगंधेचा डबा न उघडताच परत गेला. त्याच दिवशी उकळलेला गुळवेलाचा काढा न पिताच चुलीमागच्या अळूला घातला. मग सगळ्यात खाली आलो. कागद लहान, अक्षरं मोठी. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं "ज्येष्ठ" आणि खालच्या ओळीवर "मध नको".

"ज्येष्ठ मध म्हणजे?" बायकोनं विचारलं.

आता मी बोलण्याचा माणूस. गावात कुणाच्या लग्नपत्रिकेत काय लिहायचं ते मला विचारतात. मी घसा खाकरून सांगितलं, "ज्येष्ठ म्हणजे थोरला. जुना. जुना मध चालणार नाही."

"का ज्येष्ठ महिन्यातला?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. कारण घरात नेमका तोच होता! तिचा भाऊ अजिंठ्याच्या डोंगराखाली राहतो. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी, ऐन ज्येष्ठात तो पोळं काढतो आणि बहिणीला बाटलीभर मध आणून देतो. काळसर, किंचित कडवट, अस्सल. मी टेबलावर हात आपटला. "बघ, डॉक्टर असावा तर असा! उन्हाळ्यातला मध उष्ण पडतो, बराबर लिहिलंय." बाटली त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी गेली. माहेरचा मध असा दुसऱ्याच्या फडताळात गेला याचं तिला वाईट वाटलं, ते मला दिसलं, पण माझ्या आवाजापुढं मध काय चीज होती?

ज्यांना आत्ताच कळलं असेल, त्यांनी कृपा करून गप्प बसावं. मला कळायला पुढं चार महिने लागले.

आता मुलेठीचं सांगतो. ते गोडसर मुळीचं कांडकं आम्ही बोलणारे, गाणारे, ओरडणारे लोक चघळतो, घसा मऊ राहावा म्हणून. आमच्या भागात तिला मुलेठीच म्हणतात. मला ती मचाणावरच्या माझ्या उस्तादानं दिली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून ती माझ्या शर्टाच्या खिशात असते. एरवी मी ती फक्त पटाच्या दिवसांत चघळायचो. पण एकदा गेलेला आवाज परत आल्यावर मी असा काही धसका घेतला, की त्याला जपायचं म्हणजे किती जपायचं! सकाळी दात घासले की एक कांडकं. शेतात जाताना एक. जेवल्यावर एक. बोलणं झालं की एक, गप्प बसलो की एक. थुंकायचो नाही, सगळा रस गिळायचो. आणि ती औषध आहे असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. ती आमच्या धंद्याचं सामान होती. सुताराला कुणी विचारलं काही औषध घेता का, तर तो रंधा दाखवील का?

माघात पाय सुजले. बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. मग डोकं ठणकायला लागलं. रक्तदाब तपासला तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं दोनदा पट्टा बांधला, तिला वाटलं यंत्र बिघडलं. त्यापुढं पाय असे लुळे पडायला लागले, की बागेच्या बांधावर चढताना मला झाडाची फांदी धरावी लागे. गुडघ्यातला जोर कुणी काढून नेला तेच कळेना.

डॉक्टरीणबाईंनी दाबाची गोळी दिली, ती वाढवली, आणि विचारलं, "मीठ किती खाता?"

झालं! मला गुन्हेगार सापडला. माझ्या बायकोच्या हाताला मीठ थोडं जास्तच, हे सगळ्या भावकीला माहीत. मी घरी येऊन मिठाची बरणी उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा मी रागानं पेटलो होतो. तिनं अळणी वरण केलं, अळणी भाजी केली, आणि माझ्यासमोर बसून स्वतःही तेच खाल्लं. पंधरा दिवस. दाब आणखी वर गेला. तरी गावात बोभाटा झाला, की याची बाई याला खारं चारते. मी तो बोभाटा थांबवला नाही.

फाल्गुनात परत जालन्याला बोलावणं आलं, आणि या खेपेला बाईंनी निरोपच धाडला की सोबत स्वयंपाक करणाऱ्यांना आणा. आम्ही भोकरदनहून पहिल्या एसटीनं निघालो. दवाखान्यात बाईंनी तिला तेल, मीठ, पापड, चटणी सगळं विचारलं. तिनं सरळ सांगितलं, "मॅडम, पंधरा दिवस झाले, मीठ ह्यांच्या कंबरेला हाय. आता पाण्यातच मीठ आसंल तर मला ठावं न्हाई."

बाई मला म्हणाल्या, "रक्त देऊन या, संध्याकाळी रिपोर्ट घेऊन भेटा. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. दाब असाच राहिला तर या गोळ्या मला घाईनं उतरवाव्या लागतील. आणि घाई केली तर तोंडातले छाले परत येऊ शकतात."

मी बाहेर आलो तो सुन्न होऊन. पट महिन्यावर आला होता. गावानं माझं नाव पत्रकावर छापलं होतं. माईकवर मी, असं ठळक. पण पत्रकाचं सोडा; परत ताटावर चमचा वाजवायचा? आवाज गेला तर माझं उरतं काय? मोसंबी मुक्यानंही पिकवता येते. पट मुक्यानं सांगता येत नाही.

रक्त दिलं. रिपोर्टला चार तास होते, ते एसटी स्टँडवर बसून काढले. खिशात हात घातला तर मुलेठी संपलेली. म्हणून जुन्या बाजारात चाचांच्या दुकानाकडं वळलो. जडीबुटीचं ते दुकान मी वर्षानुवर्षं एकटाच गाठत आलो, बायको तिथं पहिल्यांदाच आली. चाचा म्हातारे, गल्ल्यामागं उशीला टेकून. मी बोट वर केलं तेवढ्यात त्यांनी बरणी ओढली. पूर्वी ते मुलेठी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. आता खाकी पुड्या आल्या होत्या आणि चाचा प्रत्येक पुडीवर पेननं मालाचं नाव लिहीत होते.

पुडी बायकोच्या हातात पडली. तिनं नाव वाचलं आणि ती परत गल्ल्यावर ठेवली.

"चाचा, तुमी चुकले. आमी मध न्हाई मांगितला."

"शहद? शहद किदर है बेटी?"

"हे बघा, तुमीच लिवलंय. जेष्ठमध."

चाचा हसायला लागले. "अरे बेटी, मुलेठीकोच मराठीमें जेष्ठमध बोलते ना! आजकल लोगां मोबाइलमें देख देखके आते, मुलेठी बोले तो समझते नै. इस लिए पुडीपे मैं जेष्ठमध लिखताय."

बायको माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत आधी काही नव्हतं, आणि मग एकदम सगळं होतं. माझ्या डोक्यात तर झेंडी पडली! ओळीच्या शेवटी ज्येष्ठ. खालच्या ओळीवर मध. दोन नव्हेत, एकच शब्द! ध चा मा करून लोकांनी घात केलेले ऐकले होते. इथं म आणि ध दोन्ही जागच्या जागी होते, आणि तरी मी घात करून बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. मेव्हण्याचा निर्दोष मध हद्दपार, आणि खरा गडी माझ्या खिशात, माझ्या गालात, दिवसातून आठ-आठ वेळा!

"चाचा!" मी एवढ्या जोरानं ओरडलो, की शेजारचा कापडवाला बाहेर आला. "चाचा, मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध?"

"और क्या? मैं जनम से बेच रहा."

पुडी घेतली. खायला नाही, दाखवायला. पाय लुळे होते, पण त्या दिवशी मी त्या गल्लीतून जवळजवळ पळालो. बायको मागून म्हणत होती, "अहो हळू, पडाल, दवाखाना कुटं पळून चाल्लाय का?" आणि तीही पळत होती. आम्ही रिपोर्ट घेतला आणि दवाखान्यात शिरलो तेव्हा बाकीचे पेशंट आमच्याकडं बघत राहिले. दोघांनाही धाप लागलेली, दोघंही हसतोय, आणि माझ्या हातात खाकी पुडी.

बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "पोटॅशियम बरंच कमी आहे. म्हणून पाय गळतायत. पण हे असं कशानं…"

बायकोनं पुडी टेबलावर ठेवली.

बाईंनी ती उघडली, एक कांडकं नाकाशी नेलं. "हे मी बंद करायला सांगितलं होतं ना? लिहूनसुद्धा दिलं होतं."

"मॅडम, आम्ही मध बंद केला," मी म्हणालो.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. बायकोनं पिशवीतून ती जुनी चिठ्ठी काढून दाखवली, दोन ओळींत तुटलेली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "दिवसाला किती कांडकी?" त्यांनी विचारलं. मी आठ म्हणालो. बायको म्हणाली, धा. बाई हसायच्या थांबल्या.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. अशी मुळी रोज खाल्ली की ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, दाब चढवते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवते. स्टिरॉईडच्या गोळीचाही कल थोडा तिकडंच असतो, वर ही मुळी त्या गोळीचा जोर अंगात जास्त वेळ टिकवते. दोघं एकाच बाजूनं ओढायला लागले. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकू शकतात. त्यांनी तिथंच छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून पाहिली, ती ठीक होती. पोटॅशियमचं पातळ औषध दिलं, चार दिवसांनी परत रक्त द्यायला सांगितलं. मुलेठी आजपासून बंद. गोळी मात्र आहे तशीच, मनानं कमी करायची नाही. "आणि मी विचारलं होतं, घरचं काही घेता का?"

"मला ते औषध वाटलंच न्हाई," मी म्हणालो.

"चूक माझीही आहे. आता मी 'औषध' असं विचारणार नाही. दिवसभरात तोंडात काय काय जातं, असं विचारीन." आणि माझ्या देखत त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या कागदावर लिहिलं: ज्येष्ठमध, म्हणजे मुलेठी. एका ओळीत.

परतीच्या एसटीत मी करदोट्याची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. माफी मागायला हवी होती. शब्दांवर जगणारा मी, पण तोंडातून आलं ते एवढंच, "आज भाजीत मीठ घाल." ती खिडकीबाहेर बघत राहिली. हसली की नाही, ते मला दिसलं नाही.

पुढचे दिवस मोठे मजेचे आणि मोठे भीतीचे गेले. हात सारखा खिशाकडं जायचा. रिकाम्या तोंडानं मला करमेना. पण चौथ्या दिवशीच्या रक्तात फरक होता. दहाव्या दिवशी मी फांदी न धरता बांध चढलो आणि वर उभा राहून हात हलवला, जसा काही मी डोंगर चढलो होतो. सूज उतरली, चपलेचा पट्टा परत जुन्या भोकात आला. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरनं दाब मोजला आणि म्हणाली, "आता यंत्र बराबर चालू राह्यलं." डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की गोळ्या घाईनं उतरवायची गरज नाही, सावकाश जाऊ. मी फोन ठेवला आणि अंगणात उडी मारली. या वयात, अंगणात!

तरी एक धास्ती होतीच. मुलेठीशिवाय मी कधी पट सांगितला नव्हता. एकदाही नाही. नुसत्या कोमट पाण्यावर दिवस निघेल का?

पटाच्या सकाळी मचाणावर चढलो. खाली गर्दी, ट्रॉल्यांच्या सावलीला बायाबापड्या, त्यांत माझीही. पहिली जोडी रांगेला लागली, बैलं खुरांनी माती उकरायला लागली. झेंडी वर. मी तोंड उघडलं आणि काय सांगू! आवाज असा निघाला, जसं बांध फोडून पाणी यावं. "सुटली! सुटली रे सुटली! आखूड पावलाचा गडी, पण बघा कसा जमीन गिळतोय! काळजाचा ठोका चुकवू नका, डोळा मिटू नका, गेली, गेली, गेली!" लोक उभे राहिले. टोप्या उडाल्या. मी घोटभर पाणी प्यायचो आणि परत सुरू व्हायचो. दुपारी आवाज जरा चिरला, पण धावला. चिरलेला का असेना, माझा होता. माईक दोन्ही हातांनी धरला होता.

शेवटच्या फेरीआधी बैलं बदलायला वेळ लागत होता. माईक चालू, गर्दी शांत, आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. गोळ्यांचं, सुजेचं, चिठ्ठीचं. मध कसा हद्दपार झाला ते सांगितलं तेव्हा ट्रॉल्या हलेपर्यंत लोक हसले. "मायबापहो, ज्येष्ठमध म्हणजेच मुलेठी! स्टिरॉईडची गोळी चालू असंल तर काढा, मुळी, चूर्ण, जे तोंडात जातं ते सगळं डॉक्टरला सांगा. मला इचारलं, मी छाती काढून न्हाई म्हणालो. आणि ऐका! माझ्या घरच्या बाईनं मला कधी खारं चारलं न्हाई. मीठ माझ्या कंबरेला होतं. हे ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांनी आज ऐकून घ्यावं. पण देवाची कृपा, एक दिवस चाचांच्या दुकानात माझी नजर पुडीवर गेली, आणि माझ्या ध्यानात आलं!" टाळ्या पडल्या. कितीतरी वेळ पडल्या. मी मचाणावरून तिच्याकडं पाहिलं, फुलून गेलो होतो. मग शेवटची फेरी झाली आणि तीही मी जिंकल्यासारखी सांगितली.

संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी निघालो. आवाज बसला होता, थकून बसला होता, आजारानं नाही. मी वाट बघत होतो की ती काहीतरी बोलेल. सगळ्या गावासमोर तिची बाजू घेतली होती, साधी गोष्ट नव्हती. ओढा ओलांडला, बाग दिसायला लागली, तेव्हा ती मागून म्हणाली, "लई चांगलं बोलले. सगळं सांगितलं."

मी मान डोलावली.

"फक्त पुडी कुणी वाचली, ते न्हाई सांगितलं."

मी गाडी थांबवली. खरं होतं. नजर माझी गेली नव्हती. मी तर मुलेठी गालात कधी पडते याची वाट बघत उभा होतो. मी मागं वळलो, बोलायला तोंड उघडलं, आणि घशातून नुसती हवा आली. दिवसभर हजार लोकांना पुरला तो आवाज एका माणसापुरता उरला नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली. "चला, अंधार पडंल."

म्हणून हे लिहून ठेवतोय. पुडीवरचं ज्येष्ठमध तिनं वाचलं. मी नाही.